दिवा मालवेपर्यंत

“माझ्या कुंड्या कुठे गेल्या?”

ती शिडीवर चढून मंचावरचा एक दिवा सरळ करत होती. खाली एक उंच माणूस रिकाम्या टेबलाकडे बघत उभा होता.

“त्या मातीच्या? बाहेर माळ्याला दिल्या मी.”

“माळ्याला?”

“सकाळी आले तर इथे कुंड्यांची रांग. म्हटलं, सजावटवाले विसरले असतील…”

“मी तालवादक आहे,” तो म्हणाला. “त्या वाजवायच्या आहेत.”

शिडी उतरून ती बाहेर धावली, मागून तो. सभागृहाच्या पायऱ्यांवर सगळ्या कुंड्या माती भरून, पाणी घालून, रोपं लावून तयार होत्या. तो उकिडवा बसला आणि एकीवर बोटाने टकटक केलं. धप्प.

“गेली बिचारी,” तो म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याला हसूच आवरेना.

“हसताय काय? चला, दुसऱ्या आणू.”

त्या सभागृहात त्या वर्षी सगळा मोसम नव्या संगीताचा होता. कुणी पियानोच्या तारांत खिळे अडकवायचं, कुणी व्हायोलिनवर नुसता श्वासासारखा आवाज काढायचं. लोक मध्यंतरात तिला विचारायचे, “वाद्यं जुळवून झाली का? आता सुरू होईल ना?” मंच आणि दिवे तिच्याकडे होते. आवाजाशी तिचा संबंध नव्हता, असं तीच म्हणायची.

रोपवाटिकेत दोघं कुंड्या वाजवत फिरले. मालक संशयाने मागे मागे येत होता.

“तडा बघताय का? माझ्याकडे एकही फुटकी नाही.”

“सूर बघतोय,” ती म्हणाली.

मालक लांब जाऊन उभा राहिला.

“ही ऐका,” तिने एक कुंडी उचलून धरली. त्याने कान जवळ आणला. तिला त्याच्या केसांतला कापराचा वास आला.

“पुन्हा वाजवा.”

“का? चुकीची आहे?”

“नाही, बरोबर आहे. तरी पण… पुन्हा वाजवा.”

तेव्हापासून तो तिला माळीणबाई म्हणू लागला, आणि ती त्याला ठोकपीटवाले. तालमी तिला बघायची गरज नव्हती, पण दर तालमीला तिला नेमकी कुठली तरी वायर तपासायची असायची.

“नाही आवडलं वाटतं?” एकदा त्याने विचारलं.

“तसं नाही… पण डोळे मिटले ना, की तुम्ही वाजवताय का भांडी घासताय, कळत नाही.”

“मग मिटू नका डोळे. माझ्याकडे बघा.”

ती पुन्हा वायरीत डोकं घालून बसली.

मोसम संपला की त्याचा वाद्यवृंद दुसऱ्या देशात जाणार होता. कधी परत येणार, हे तो बोलला नव्हता. तिने विचारलंही नव्हतं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई जाऊन वर्ष होत आलं होतं.

“आज काय म्हणाले तुझे ठोकपीटवाले?” जेवताना बाबांनी विचारलं.

“बाबा!”

“अगं, तूच तासभर त्याचं सांगतेयस. जेवण गार झालं. थांब म्हणालीस का त्याला?”

“मी कशाला म्हणू? त्याचं काम आहे तिकडे.”

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“तुझ्या आईला सांगायच्या म्हणून मी किती गोष्टी ठेवल्या होत्या. रविवारी सांगू, सुट्टीत सांगू. फार मोठ्या नव्हत्या गं. ती हसते तेव्हा बरं वाटतं, एवढीच एक होती त्यात.” मग म्हणाले, “मीठ दे इकडे.”

तिने मीठ दिलं.

शेवटच्या कार्यक्रमातली शेवटची रचना त्याच्या एकट्याची होती. रचनेच्या अखेरीला वादकाने हात उचलायचा आणि वाजवायचं नाही. मंचावरचा दिवा असेपर्यंत शांतता, दिवा मालवला की रचना संपली. तालमीत तो म्हणाला होता, “वेळ काही लिहिलेली नाही. तुमच्या मनाला येईल तेव्हा मालवा.” तालमीत तिने तो लगेच मालवून टाकला होता.

आता सभागृह भरलं होतं. त्याने हात उचलला. तिचं बोट बटणावर होतं. पडद्यामागे तिच्या शेजारीच वाद्यवृंदाच्या पेट्या प्रवासासाठी बांधून ठेवलेल्या होत्या.

बोट हलेना.

कुणी खोकलं. मग खोकणंही थांबलं. त्याचा हात वरच होता. त्याने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली — नाही.

तो जरासा हसला आणि हात तसाच धरून राहिला. लोक श्वास रोखून बसले. मग त्याचं मनगट थरथरताना तिला दिसलं. तेव्हा कुठे तिने दिवा हळूहळू मालवला.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. तो खांदा चोळत आत आला.

“हात मोडला असता माझा!”

“मग घ्यायचा ना खाली.”

“कसा घेणार? तुम्ही नाही म्हणालात.”

“मी… मी हाताला नाही म्हटलं नव्हतं. तुमच्या जाण्याला म्हटलं. म्हणजे… कामाला जा. पण परत या. माझ्याकडे या.”

तो खांदा चोळायचा थांबला.

“लोक बोलावतायत,” ती घाईने म्हणाली. “जा.”

“बोलावू देत. मला वाटायचं, तुम्हाला माझा हा गोंगाट सहन होत नाही.”

“नाहीच होत. तुम्ही आवडता.”

तो मोठ्याने हसला. “येईन. काम संपलं की पहिला इथेच येईन. आता चल.”

“मी? कुठे?”

“मंचावर. शेवटचा भाग तू वाजवलास. नमस्कारही तूच करायचा.”

तिच्या गळ्यात चिकटपट्टीची गुंडाळी होती, हाताला काळं लागलेलं होतं. तोच हात धरून त्याने तिला बाहेर नेलं. टाळ्या थांबेपर्यंत त्याने तो सोडला नाही. थांबल्यावरही नाही.