पिठाचा चष्मा

एउलालियाने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि तिची नजर थेट मृतांच्या सणासाठी मांडलेल्या मेजावर गेली... गेलेल्या वडिलांच्या नावाची पावाची बाहुली, टोपी घातलेली. आजीची, दोन वेण्यांची. आणि त्यांच्या शेजारी तिसरी, डोळ्यांवर पिठाचा चष्मा! त्या घरात चष्मा लावणारं माणूस एकच होतं, आणि ते आत्ता दारात जिवंत उभं होतं.

"बघतेस काय?" तिची आई विसितासिओन मेणबत्त्या लावता लावता म्हणाली. "आठ वर्षं करतेय. सख्ख्या भावाला सोडून त्या परक्या बाईच्या पाठीशी उभी राहिलीस, त्याच दिवशी मेलीस तू मला! अबेलिनोने बोलावलं म्हणून आलीस ना? जेव आणि चालती हो, वकीलसाहेब."

एउलालियाने आत येऊन दार लोटून घेतलं.

काय सांगणार होती ती? दहशतवादाचा आरोप असलेल्याचं वकीलपत्र घ्यायचं, तर एका वकिलाने साऱ्या देशात एका वेळी एकाचंच घ्यायचं, असा तेव्हाचा कायदा. (असले कायदे करणाऱ्यांना भाऊबहीण नसावेत!) तिने दिओनिसियाचं घेतलं. बंदुका रोखून दारात आलेल्या बंडखोरांना सूप वाढलं, एवढाच त्या बाईचा गुन्हा. आणि चारच दिवसांनी शाळेतून, हातात खडू असताना, एउलालियाच्या भावाला, मास्तर अबेलिनोला, उचलून नेलं. दिओनिसियाची सुनावणी आठवड्यावर होती. तिचं वकीलपत्र सोडलं असतं, तर भीतीने दुसरा कुणी त्या खटल्याला हात लावला नसता. एउलालिया तुरुंगाच्या जाळीपाशी गेली आणि तिने भावालाच विचारलं.

"तिला आधी सोडव, ताई," तो हसून म्हणाला होता. "पोटुशी आहे ती. मी काही केलंच नाही, मला काय होणार?"

ती सुनावणी तीनदा पुढे गेली. तेवढ्यात काळ्या काचेआड बसलेल्या, तोंड न दाखवणाऱ्या न्यायाधीशांनी यंत्रातून येणाऱ्या घोगऱ्या आवाजात अबेलिनोला वीस वर्षं सुनावली. सरकारने दिलेला वकील अवाक्षर बोलला नाही. दिओनिसिया सुटली त्याच दिवशी एउलालियाने भावाचं वकीलपत्र घेतलं आणि गेल्या आठवड्यात तो सुटेपर्यंत खाली ठेवलं नाही. आईला मात्र तिने खरं सांगितलं नाही. ती सबब झाली असती... आणि आईचा संताप गजांआडच्या लेकराकडे वळला असता.

"आई, ती बाहुली उचल तिथून." भिंतीला धरून अबेलिनो बाहेर आला होता.

"तू मध्ये पडू नकोस. तुझा जीव भोळा."

"मीच सांगितलं होतं तिला!" त्याला खोकल्याची उबळ आली. "ती मला विचारायला आली होती, आई. मीच म्हटलं, आधी त्या बाईला सोडव. तू भेटीला यायचीस, ताईला शिव्याशाप द्यायचीस, आणि मी गप्प ऐकायचो... तू मलाही टाकशील, या भीतीने!"

विसितासिओनच्या हातातली मेणबत्ती विझली. "खरं आहे हे?" तिने प्रथमच लेकीच्या डोळ्यांत पाहिलं.

"विचारलं, हे खरं," एउलालियाला हुंदका आवरेना. "पण मी विचारायलाच नको होतं! हा नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं गं आई... ठाऊक असूनच विचारलं!"

आईने ती चष्म्याची बाहुली मेजावरून उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी लेकीच्या हातात कोंबली. "खा. जिवंत लेकीचं पान मी मेलेल्यांत वाढलं... देव मला क्षमा करो न करो, तू तरी कर!"

एउलालियाने तो पाव कॉफीत भिजवला आणि पहिला घास अबेलिनोला भरवला. तुरुंगात त्याचे दात गेले होते.

"आणि तिचं मूल?" आईने खालमानेने विचारलं. "त्या बाईचं?"

"मुलगी आहे. सात वर्षांची झाली. शाळेत जाते."

विसितासिओनने डोळे पुसले आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

"उद्या दोघींना जेवायला घेऊन ये," ती म्हणाली. "पोरीला विचार, तिला खायला कशी बाहुली करू."