सहानंतर दोन

नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनमधल्या आमच्या प्रयोगशाळेतलं काम दिसायला सोपं. मेट्रोनोम टकटक करतो. प्रत्येक ठोक्याला समोरच्यानं एक ते नऊमधला मनाला येईल तो आकडा म्हणायचा, कसलाही क्रम न ठेवता. कुणालाच जमत नाही. आत्ता म्हटलेला आकडा माणूस लगेच पुन्हा म्हणत नाही, कारण तो त्याच्या लक्षात असतो. शिवाय प्रत्येकाची काही ना काही खोड असतेच.

माझा नवरा वीबे हे माझं पहिलं गिऱ्हाईक. सहानंतर हमखास दोन म्हणायचा. सगळे आकडे डचमध्ये, पण नऊला 'नेगन' न म्हणता आईच्या फ्रीझियन भाषेतलं 'न्योगन' म्हणून जायचा. मी त्याला चिडवलं, की आठवण शाबूत आहे तोवर हे तुला जमायचं नाही.

"मग मेल्यावर जमेल," साखरपाव चघळत तो म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याची सायकल अजून माझ्या सायकलीला टेकून उभी आहे. मी तिच्या चाकांत हवा भरत राहते.

मार्चमध्ये पार दक्षिणेकडच्या मास्ट्रिख्टची फ्लूर नावाची विद्यार्थिनी खुर्चीत बसली. सहानंतर दोन. पुन्हा सहा, पुन्हा दोन. योगायोग असतात, ते तपासणं हाच माझा धंदा. मग ती म्हणाली, "न्योगन."

मी यंत्र थांबवलं. काय म्हणालीस, असं विचारलं.

"नऊ म्हटलं. का, चुकलं का काही?"

ही भाषा जिथे बोलतात त्या फ्रीसलंडला ती कधी गेलीही नव्हती.

त्यानंतर त्या खुर्चीत जो बसेल तो तसाच बोलू लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वीबेची तर मेल्यावरही गेली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. मी सुखात होते. सकाळी केस नीट विंचरून कामाला जायचे.

उन्हाळ्यात एकदा सहानंतर पाच आला. पुढे एकदा सहानंतर पुन्हा सहाच. माझा सहकारी हेसल हरखला. लोक सुधारतायत म्हणाला. मी मात्र जुन्या नोंदी काढून बसले. ही खोड जायची तर आधी आठवण जावी लागते, हे मीच सगळ्यांना शिकवत आले होते.

ऑक्टोबरात एक निवृत्त पोस्टमन आले. दारात हात मिळवून आम्ही एकमेकांना नावं सांगितली. ते डोळे मिटून बसले.

चार. चार. एक. सहा. नेगन. नेगन. नेगन.

स्वच्छ डच.

"हे जमणारा माणूस सापडला एकदाचा," काचेपलीकडून हेसल म्हणाला.

मी मेट्रोनोम बंद केला.

"वीबे," मी हळूच म्हटलं, "सहानंतर काय?"

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

"माफ करा बाई," ते अदबीनं म्हणाले, "तुम्ही कोण?"