देवमाशाजवळची होडी

भुताच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अमावस्या, वटवाघूळ, पैंजण... तसलं काही हवं असेल तर दुसरीकडं बघा.

ही गोष्ट भर दुपारी घडली. माझ्या डोळ्यांसमोर. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाला पटवायचं नाही.

साल १९७८, फेब्रुवारी महिना. जागा मालवणच्या पुढचा समुद्र... आणि त्या समुद्रावर उडणारं एक छोटं विमान.

विमान चालवत होते माझे दाजी, आकाराम. आक्काचे मालक. हवाई दलातून परत आलेले, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. बांधावर बसून जेवताना वाटेनं कुत्रं गेलं तरी हाक मारतील असा माणूस.

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेला कोकण किनाऱ्यावरचे देवमासे मोजायचे होते. त्यांनी चार माणसांचं विमान भाड्यानं घेतलं आणि कोल्हापुरात आणून ठेवलं. मी बी.एस्सी. होऊन घरात माशा मारत बसलो होतो.

"हितं माशा मारतोईस, तिकडं मासं मोज की लका," म्हणून दाजींनीच मला चिकटवलं.

काम सोपं होतं. उजळाईवाडीच्या माळावरून उडायचं, घाट ओलांडायचा, किनाऱ्याला धरून खाली जायचं. पाण्यावर फवारा दिसला की मी ओरडायचं आणि दाजींनी त्याच्याभोवती घिरट्या मारायच्या. ओरडायचं म्हणजे खरंच ओरडायचं. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याच्या कानात तोंड घातल्याशिवाय काही ऐकू येत नसे.

हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी किनारा सोडून बरंच आत गेलो, तरी समुद्रावर काहीच नव्हतं. मासा नाही, पक्षी नाही, मासेमारीचं गलबत नाही. रोज दिसणारी शिडं कुठं गेली कळेना. पाणी नुसतं सपाट.

"आज दर्याला बी सुट्टी दिसतीया," दाजी ओरडले आणि त्यांनी डबा उघडला. आक्कानं भाकरी, झुणका आणि खर्डा दिला होता.

तेवढ्यात मला तो दिसला.

देवमासा. पाण्याच्या वर पाठ काढून निपचित पडलेला. फवारा नाही, हालचाल नाही.

आणि त्याच्याजवळ... एक होडी.

दाजींनी विमान खाली घेतलं. होडी लहान होती. वल्हं नाही, जाळं नाही. आत एक माणूस ताठ उभा. तिथून किनारा दिसतसुद्धा नव्हता.

माणूस वर बघत होता. आम्ही ज्या बाजूला वळू, त्या बाजूला त्याचं तोंड.

आता कोल्हापूरच्या माणसाला एक खोड असते. हातात घास असताना समोर माणूस दिसला, की जीभ आपोआप वळते. दाजींनी खिडकी सरकवली, भाकरीचा हात बाहेर काढला आणि हसत ओरडले,

"या पावणं, जेवायला!"

मीही हसलो.

पुढची घिरटी घेतली... होडी रिकामी.

त्याच्या पुढची घेतली... होडीच नाही. देवमासाही नाही. पाणी पुन्हा सपाट.

"बुडालं काय गा?" दाजी ओरडले, आणि त्याच वेळी विमानाची शेपटी खाली गेली.

मागच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी टेकल्यासारखी.

स्प्रिंगचा आवाज मी ऐकला. एवढ्या इंजिनाच्या आवाजात. खारा, कुजका वास आला. मग माझ्या चपलेला काहीतरी गार लागलं. मागून पाणी वाहत येत होतं.

दाजींच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"मागं बघू नगंस," ते माझ्या कानात म्हणाले.

एसटी असती तर घंटी मारून उतरलो असतो. बैलगाडी असती तर उडी टाकली असती. इथं कुठं जाणार? खाली समुद्र, आजूबाजूला पत्रा, आणि मागं तो. एवढीशी जागा. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता... गार. मी मान आवळून बसलो. मला रडू येत होतं, लाज सोडून सांगतो.

दाजींनी विमानाचं तोंड कोल्हापूरकडं वळवलं.

पण विमान वर चढेना.

समोर घाट दिसायला लागला. सह्याद्रीचा कडा, सरळ उभा. दाजींनी सगळा जोर लावला, इंजिन किंचाळायला लागलं. शेपटी खालीच. पेट्रोलचा काटा खाली चाललेला. कडा मोठा होत होता.

"दाजी, परत फिरा! वाळूवर उतरवा!"

"त्येला घिऊन?"

आक्का डोळ्यासमोर आली. तिला सातवा महिना होता. दाजींना घरी न्यायचं एवढंच मला सुचत होतं, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

दाजींचा चेहरा एकदम शांत झाला. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले,

"आपणच बोलावलंय की रं. उपाशी बसलाय त्यो."

आणि मागं न बघता त्यांनी डबा खांद्यावरून मागं धरला.

कुणीतरी तो घेतला.

मग चावण्याचा आवाज. सावकाश. शेजारी बसून कुणी जेवावं तसा. मी देवी अंबाबाईचं नाव घेत होतो. कड्यावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली होती.

आवाज थांबला. मागं एक ढेकर आली.

शेपटी उचलली आणि विमान वर सुटलं. घाटाच्या माथ्यावरचं गवत चाकाखालनं गेलं.

तेव्हा तो बोलला. ओरडून नाही... हळू. तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"बरा जेवलंय. आता तुमी येवा आमच्याकडे. दोघांय येवा."

मी दाजींचं तोंड दाबायला हात उचलला. उशीर झाला. जन्मभराची सवय ती.

"येतो की!" दाजी म्हणाले. "दोघंबी येतो."

माळावर उतरलो तेव्हा मागं कुणी नव्हतं. सीट चिंब. डबा घासूनपुसून ठेवलेला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत त्यालाही ठाऊक असावी. झाकण काढलं तर आत एक मासा होता. जिवंत, तडफडणारा.

मी त्यानंतर विमानात पाय ठेवला नाही. दाजींनीही काम सोडलं. मला वाटलं, सुटलो.

पण दाजींचं बोलणं कमी होत गेलं. एका सकाळी बघतो तर दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून उभे. हातात पिशवी. पिशवीत बावड्याच्या गुऱ्हाळातला गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप.

"कुठं निघालासा?"

"पावण्याकडं. रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

मी दारात आडवा झालो. आक्कानं पोटाशी हात धरून आकांत केला. पायावर डोकं ठेवलं तिनं. दाजींनी तिला उठवलं, डोळे पुसले, आणि समजुतीनं म्हणाले, "आपलं अन्न खाऊन गेलाय, आता बोलवतोय. न्हाय कसं म्हणायचं, तूच सांग?"

मला म्हणाले, "तू मागनं ये."

तालमीतलं शरीर त्यांचं. मला एका हातानं बाजूला केलं आणि ते मालवणच्या एसटीत बसले.

मी पुढच्या गाडीनं निघणार होतो. त्यांना आणायला. आक्कानं माझ्या गळ्यातच हात टाकला, सोडेना. "त्या पावण्यानं तुला बी बोलावलंय, जाऊ नगंस," म्हणाली. गावातली माणसं गेली शोधायला.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी सांगितलं, फेटेवाला माणूस कुणाशी तरी हसत बोलत पाण्यात गेला. शेजारी कुणी दिसत नव्हतं. गुडघ्याइतक्या पाण्यात त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि पुढं गेला.

ते सापडले नाहीत.

मी आजवर घाटाखाली उतरलेलो नाही. माझी मुलगी रत्नागिरीला दिलीय. तिचं घर मी बघितलेलं नाही. ती रुसते, बोलते. तिला काय सांगू?

गेल्या महिन्यात मी गडहिंग्लजला लग्नाला गेलो होतो. परत आलो तर बायको म्हणाली,

"तुमचं कोणतरी पावणं आलतं दुपारी. मोठ्या आवाजाचं. म्हटलं बसा, जेवून जावा. तर म्हणालं, न्हाय, जेवाण तिकडंच हाय, दोघांचं ठरलंय. न्यायला परत येतो म्हणालं."

माझं लग्न दाजी गेल्यानंतर झालं. बायकोनं त्यांना कधी बघितलेलं नाही.

मी विचारलं, "फेटा हुता?"

"हुता की."

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. चार महिने पावसाचा थेंब नव्हता. मी पुढचं विचारणार नव्हतो. तीच म्हणाली,

"एवढ्या उनात कुठं भिजलं हुतं की, बाई!"