निकानोरच्या नावावर

एल आल्तोच्या मोठ्या चौकामागच्या गल्लीत कासिल्दा तार्की दात बनवायची. खाली ला पास शहरातले डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे साचे वर पाठवायचे आणि ती त्यांत प्लास्टर ओतून, घासून, तासून कवळ्या तयार करायची. बाई शेचाळीस वर्षांची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं तुटक. भुताखेतांवर विश्वास आहे का असं कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, आधी साचा आणून द्या, मग बघू.

त्या वर्षी मात्र तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. कामाच्या टेबलासमोर जबड्यांच्या फळीखाली तिने भलामोठा नकाशा ठोकला होता आणि त्यावर पेन्सिलीने रस्ता आखायला घेतला होता. आधी ओरुरो, मग उयुनीचं मिठागर, विल्यासोनला सीमा ओलांडून अर्जेंटिना, आणि तिथून खाली खाली, बर्फात रस्ताच संपतो तिथपर्यंत. एकटी जाणार होती. मोटरसायकलवर.

मोटरसायकल नवऱ्याची होती. निकानोर चुकिमिया जाऊन दोन वर्षं झाली होती. संसाराच्या बावीस वर्षांत तो या प्रवासाबद्दल दर रविवारी बोलायचा, जेवताना हाताने हवेत वळणं काढून दाखवायचा, आणि शेवटी म्हणायचा, "पुढच्या वर्षी, कासी. नक्की." मागच्या सीटवर बसून ती बाजारापलीकडे कधी गेली नाही. किल्लीला त्याने तिला हात लावू दिला नाही. तो गेल्यावर ती स्वतःच शिकली, विमानतळामागच्या मोकळ्या माळावर. दोनदा पडली, गुडघा फोडून घेतला, पण शिकली.

घोडं अडलं होतं ते कागदांपाशी. गाडी अजून निकानोरच्या नावावर होती, आणि दुसऱ्याच्या नावावरची गाडी सीमेवरचे लोक मालकाच्या सहीशिवाय पलीकडे सोडत नाहीत. मेलेल्याची सही आणायची कुठून? सगळा जानेवारी तिने कचेरीतल्या रांगांत काढला. प्रत्येक खिडकीवरचा माणूस मान वर न करता तेच विचारायचा, "गाडी कुणाच्या नावावर?" आणि ती तेच उत्तर द्यायची, "निकानोर चुकिमिया." शेवटी शेवटी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तोंडातून नाव निघायचं.

अशातच चोवीस जानेवारी आली. आलासिताचा दिवस. त्या दिवशी भर बारा वाजता इटुकली घरं, इटुकल्या गाड्या, नखाएवढे पासपोर्ट विकत घ्यायचे, यातिरीकडून, म्हणजे डोंगरातल्या पुजाऱ्याकडून, त्यांना धूप दाखवून घ्यायचा, की वर्षभरात ती वस्तू खरोखर पदरात पडते. कासिल्दाचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आलासिताला न जाणारा माणूस ला पासमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि शिवाय एदुविहेस तिला हाताला धरून घेऊनच गेली. एदुविहेस म्हणजे कासिल्दाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या.

"घे," एदुविहेसने वीतभर लांबीची प्लास्टरची मोटरसायकल तिच्या हातात कोंबली. "आपण आपल्यासाठी घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं असतं. पडून दात पाडून घेतलेस तर बनवायला तू आहेसच."

चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि गर्दी एकदम पुढे लोटली. धुराने डोळे चुरचुरत होते. यातिरी एका हातात निखाऱ्यांचं भांडं आणि दुसऱ्या हातात दारूची बाटली घेऊन भराभर पुढे सरकत होता. कासिल्दासमोर आला, मोटरसायकल धुरावर धरली आणि मान वर न करता विचारलं, "कुणाच्या नावावर?"

"निकानोर चुकिमिया," ती म्हणाली.

दारू शिंपडली गेली, पिवळ्या पाकळ्या पडल्या. यातिरी पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. एदुविहेसचा चेहरा उतरला.

"काय बोललीस ग बाई?"

"सवयीने गेलं तोंडातून. थांब, परत करून घेऊ."

"बारा वाजून गेले," यातिरी पाठमोराच म्हणाला. "झालं ते झालं."

कासिल्दाने खांदे उडवले. घरी येऊन ती मोटरसायकल तिने फळीवर जबड्यांच्या रांगेत ठेवून दिली आणि कामाला लागली.

फेब्रुवारीत नकाशावरची रेघ तिने मिठागराच्या पलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी पुसताना दिसलं, प्लास्टरच्या चाकांवर पांढरी खरखरीत भुकटी बसली होती. बोटाला घेऊन जिभेला लावली. मीठ. ती दचकली वगैरे नाही. प्लास्टर लवकर धरावं म्हणून स्वस्तातले कारागीर त्यात मीठ घालतात आणि दमट हवेत ते बाहेर फुटतं, हे तिला पाठ होतं. पुसून टाकलं.

मार्चमध्ये रेघ अर्जेंटिनात शिरली. चार दिवसांनी चाकांच्या खाचांत लाल माती होती, ओली. एल आल्तोची माती करडी, कुठेही खणा. कासिल्दाने सुईने ती उकरून काढली, बशीत ठेवली आणि बराच वेळ बघत बसली. मग नळाखाली धुऊन टाकली.

पण ती दात बनवणारी बाई. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणं तिला जमायचं नाही. तिने मेण गरम केलं आणि चाकांचा नीट ठसा घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवला. पुढे रेघ आणखी दोन बोटं दक्षिणेला नेल्यावर पुन्हा ठसा घेतला. दोन्ही ठसे दिव्याखाली शेजारी शेजारी धरले. पहिल्यात खाचा होत्या. दुसऱ्यात चाकं जवळजवळ गुळगुळीत होती. मोटरसायकल फळीवरून कुणी हलवलीही नव्हती. तिच्याभोवतीची धूळ जशीच्या तशी होती.

त्या दिवशी पहिल्यांदा ती घाबरली. तिने चष्मा पुसला आणि भिंग घेऊन ते खेळणं मागून पुढून तपासलं. सीट दाबली गेली होती. प्लास्टरची सीट, बसून बसून फोम बसावा तशी. पण फक्त पुढची. मागची जागा कोरी करकरीत होती, रंगसुद्धा उडाला नव्हता.

भीती गेली कुठल्या कुठे. कासिल्दाला असा राग आला, असा राग आला की हातातलं भिंग तिने टेबलावर आपटलं.

"निघालास तर निघालास," ती मोठ्याने म्हणाली. "आणि तेही मला न घेता!"

एदुविहेसला बोलावून सगळं दाखवलं. तिने लांबूनच पाहिलं, फळीजवळ गेली नाही.

"कोमाद्रे, मागणं त्याच्या नावावर गेलं. हे वर्ष त्याचं. जाऊ दे त्याला. बिचाऱ्याचं राहून गेलं होतं."

"आणि माझं?"

"तुझं काय, तू जिवंत आहेस. तू पुढच्या वर्षी जा."

"काय म्हणालीस?"

एदुविहेसला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता.

"बावीस वर्षं ऐकलं ते!" कासिल्दा कडाडली. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! जिवंतपणी मागे बसवलं ते बसवलं, आता मेल्यावर घरीच बसवतोय होय? अग, त्याला सांगा कुणीतरी, गाडी मी शिकलेय. गुडघा माझा फुटलाय."

"मेलेल्याशी भांडू नये ग."

"मग कुणाशी भांडू? जिवंत होता तेव्हा हसून टाळायचा."

एदुविहेस गेल्यावर ती नकाशासमोर उभी राहिली. आणि तेव्हा तिला दिसलं ते खरं तर कधीच दिसायला हवं होतं. ही रेघ तिची नव्हतीच. ओरुरो, मिठागर, विल्यासोन, खाली बर्फापर्यंत, हीच ती वळणं, जी निकानोर जेवताना हवेत काढायचा. तिने फक्त पेन्सिल धरली होती. तिला स्वतःला बर्फाचं काय कौतुक? सकाळी नळाला बर्फच असतो. तिला समुद्र बघायचा होता. लहानपणापासून दरवर्षी शाळेत, देशाने लढाईत गमावलेल्या समुद्राच्या नावाने परेड केली, गाणी म्हटली, आणि समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर.

तिने खोडरबर घेतलं आणि जानेवारीपासूनची मेहनत पुसून काढली. मग नवी रेघ ओढली. ओरुरोच्या रस्त्याने पाताकामायापर्यंत, तिथल्या फाट्यावर उजवीकडे, तांबो केमादोला सीमा, पलीकडे चिले, आणि खाली आरिका. समुद्र. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर पेरूत. निकानोरने आरिकाचं नाव कधी तोंडानेसुद्धा उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टरच्या मोटरसायकलचं हँडल डावीकडे वळलेलं होतं. प्लास्टर वळत नाही. तुटतं. कासिल्दाने भिंगातून पाहिलं, कुठे एक बारीकशी चीरही नव्हती.

"रुसलास?" ती म्हणाली. "रूस."

मे महिन्यात कागद हातात आले. गाडी: कासिल्दा तार्की. तिने ते नाव तीनदा वाचलं, मग दुकानाला कुलूप लावलं, फळीवरचं सगळं फळीवरच राहू दिलं आणि सकाळी ऊन वर आल्यावर निघाली. एदुविहेस निरोपाला आली होती. रडत होती आणि वर चिडवतही होती.

"हेल्मेटमध्ये अगदी मुंगीसारखी दिसतेस बघ."

"मुंगी डोंगर ओलांडते," कासिल्दा म्हणाली आणि किक मारली.

पाताकामायापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. माळावर कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना लामांचे कळप, समोर सरळ रस्ता. फाटा आला. तिने उजवीकडे वळण्यासाठी हँडल फिरवलं.

हँडल फिरलं नाही.

तिने वेग कमी केला. दोन्ही हातांनी जोर लावला. हँडल सरळच, ओरुरोच्या दिशेला, दक्षिणेला. जाम झालं असावं तसं नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरून ठेवावं तसं, सजीव जोराने. आणि मागचा भाग खाली बसला होता. तिला तो कमरेत जाणवला. बावीस वर्षं मागे बसलेल्या बाईला मागे वजन आलं की कळतं.

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला.

कासिल्दाने आरशात पाहिलं नाही.

"ऐक," ती हेल्मेटच्या आत म्हणाली. "गाडी माझ्या नावावर आहे. यायचं तर ये, मागे बसून ये. पण जायचं तिकडे, जिकडे मी म्हणेन. उजवीकडे. नाहीतर उतर इथे."

काहीच हललं नाही.

"उतर म्हटलं!"

हँडल सैल झालं, इतकं अचानक की ती पडता पडता वाचली. गाडी उजवीकडे वळली आणि कासिल्दा हसायला लागली. भर रस्त्यात, हेल्मेटची काच वाफेने भरेपर्यंत हसत राहिली.

सीमेवर चिलेच्या पोराने कागद उलटसुलट केले. "गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या. कासिल्दा तार्की."

त्याने शिक्का मारला. एवढंच. एवढ्यासाठी तिचा अर्धा जन्म गेला होता. ती शिक्क्याकडे बघत काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग तिला समोरचं काही दिसेना, इतके डोळे भरून आले.

सीमेपलीकडे तळं लागलं, मग चढ. वारा चाकूसारखा. हातमोज्यातून बोटं बधिर झाली होती, उजव्या हाताची तर कळेनाशीच. मागे वजन होतं. निमूट होतं. वळणावर ती झुकली की तेही झुकत होतं, शहाण्यासारखं. तिला जवळजवळ दया आली.

चढाच्या मध्यावर तिने उजवा हात ॲक्सिलरेटरच्या मुठीवरून काढला आणि ऊब यावी म्हणून काखेत दाबला. मूठ सोडली की गाडी मंदावते, चढावर तर लगेच. तेवढं मंदावलेलं तिला चालणार होतं.

गाडी मंदावली नाही.

इंजिनाचा आवाज तसाच राहिला. मग थोडा वाढला.

कासिल्दाने दात आवळले, हातमोजा ओढून काढला आणि उघडा हात परत मुठीवर घट्ट ठेवला.

रबर गरम होतं, आत्ताच कुणाच्या तरी हाताखालून सुटल्यासारखं.