जुळी पट्टी

खोतांच्या तालमीत सकाळी सहालाच हौद्यातली माती उकरून झाली होती. बाळगोंडा खोत, तालमीचे वस्ताद, कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांची मुलगी प्रणोती कडेला बसून मूठ उघडू पाहत होती. बोटं हलत नव्हती. एकोणीस वर्षांची, जिल्ह्यात कुणाला हार न गेलेली पोरगी, आणि तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

आठ महिने हेच चाललं होतं. कधी मनगटं, कधी गुडघे, कधी मांड्या. रक्ताच्या चार तपासण्या झाल्या, चारही स्वच्छ. तालमीत याचा अर्थ एकच होतो: पोरगी अंग चोरते. त्यावर औषधही एकच, आणखी जोर, आणखी बैठका आणि दणकून रगडणं. कालच वस्तादांनी तिचं मनगट ‘मोकळं’ करायला पिरगाळलं होतं. उद्या राज्य संघाच्या निवडीची कुस्ती होती.

डॉ. नाझनीन मुल्ला दोन पट्ट्या घेऊन आल्या त्या यासाठीच.

“वस्ताद, हिच्या रक्षकपेशी घरच्यांनाच शत्रू समजून सांध्यांवर तुटून पडताहेत, असा मला संशय आहे. उद्या लढली तर सांधे कायमचे जातील.”

“संशयावर कुस्ती सोडायची व्हय?”

“मग ही बांधा.”

जुळी पट्टी मानेवर बसे. एक पट्टी मज्जातंतूंमधले वेदनेचे संदेश टिपे, दुसरी तेच संदेश दुसऱ्याच्या अंगात जसेच्या तसे उठवी. “दुखणं वाटून कमी होत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “फक्त कळतं.”

वस्ताद हसले. टिपणारी पट्टी प्रणोतीच्या मानेला लागली; दुसरी बांधून ते हौद्यात उतरले. “ये गं. धर.”

प्रणोतीने वाकून त्यांच्या पायांचा पट घेतला. तिचा गुडघा वाकला आणि वस्तादांच्या गुडघ्यात कुणी पहार घातल्यासारखं झालं. त्यांनी तिचं मनगट खेचलं. स्वतःचंच हाड मोडतंय असं वाटून ते गुरासारखे ओरडले. तालमीतल्या वीस पोरी बघत होत्या. लाज वाटली, लाजेचा संताप झाला आणि त्यांनी मुलीच्या थोबाडीत सणसणीत लगावली.

प्रणोतीचा ओठ फाटला. कळ वस्तादांच्या जबड्यात उठली. त्यांनी आणखी चिडून दुसरी मारली, आणि मातीत गुडघ्यांवर कोसळले. डॉक्टर मधे पडल्या. बापाचा हा माज उतरायला आठ महिने लागले, याची चीड येते.

“रोज एवढं असतंय?” वस्तादांनी विचारलं.

“आज जरा बरं हाय, अण्णा.”

वस्तादांनी रडतच तिच्या ओठावरचं रक्त पुसलं. “उद्या उतरू नगंस. औषध सुरू करा, डॉक्टर.”

डॉक्टर पट्टी सोडायला वाकल्या. वस्तादांनी हात आडवा धरला.

“थांबा. पोरी, काल मनगट पिरगाळलं, तवा किती दुखलं गं?”

प्रणोतीने सुजलेला हात त्यांच्या पुढ्यात धरला.

“सांगून न्हाई कळायचं. पिरगाळून बघताय का?”