पाटीवर राहिलेला ठिपका

एक्स-रे टिपणाऱ्या पाट्या बनवणं हे तिचं काम, आणि त्यात चांगली पाटी म्हणजे विसराळू पाटी. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांचा पातळ थर काचेवर चढवला, की अगदी थोड्या क्ष-किरणांतही छातीचं स्वच्छ चित्र उमटतं. खोड एकच. थरातले काही अणू जागा सोडून भटकतात आणि मागचं चित्र पुढच्या चित्रात डोकावतं. ही खोड मोडण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

म्हणून रोज सकाळी, क्ष-किरण बंद ठेवून, ती पाटीचं अंधारचित्र घ्यायची. ते कोरं आलं, की पाटी मागचं सगळं विसरली असं समजायचं.

इस्पितळातल्या चाचणीसाठी माणसं हवी होती, तेव्हा तिचा दादा आपणहून पुढे आला. "लोकांच्या छातीवर प्रयोग करण्याआधी घरच्या छातीवर कर," म्हणाला. खोकला त्याला होता, डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितलाच होता. आधी इस्पितळाच्या यंत्रावर, मग तिच्या पाटीवर, असे दोन फोटो निघाले. दोन्हींत उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तिच्या पाटीवर तो जास्त स्पष्ट होता. आपली पाटी इतकी चांगली का निघाली, या विचारानं तिला रडू आलं.

"वहिनीला एवढ्यात सांगू नकोस," दादा म्हणाला. "ती घर डोक्यावर घेईल."

पुढच्या तपासणीपर्यंत तिचं कशात लक्ष लागेना, पण अंधारचित्र घेणं काही सुटलं नाही. पहिल्या सकाळी दादाच्या बरगड्या पाटीवर फिकट दिसल्या. यात नवल नव्हतं. हळूहळू बरगड्या गेल्या. ठिपका गेला नाही, उलट ठळक होत गेला. तिनं सगळ्या तारा बदलल्या, पाटी उलटी बसवून पाहिली. ठिपकाही पाटीबरोबर फिरला. म्हणजे तो पाटीतच होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नवा स्कॅन जुन्या फोटोशेजारी लावला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"इथे काहीच नाहीये."

"म्हणजे बरं झालं?" दादानं विचारलं.

"बरं झालं तरी खूण राहते. इथे खूणसुद्धा नाही. जा घरी."

तिला हसावं की रडावं कळेना. बाहेर पार्किंगमध्ये तिनं दादाला घट्ट मिठी मारली. कितीतरी दिवसांनी तिला छातीभर श्वास घेता आला.

"अगं, सोड," दादा म्हणाला. "ठिपक्यातून वाचलो, आता तू मारशील."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी ती पाटी उचलली. तिथली रीतच होती. हट्टी पाटी भट्टीत तापवायची. अणू आपापल्या जागी परततात आणि पाटी कोरी होते.

आपापल्या जागी परततात.

"द्या इकडे, सर."

"अगं, पाटी फुकट जाईल."

"जाऊ दे."

तिनं पाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि थंड कपाटात ठेवली.

दादा आता जिने भराभर चढतो. खोकल्याचं नाव नाही. वजन वाढलंय, वहिनी त्याला पोटावरून चिडवते. त्याला बघितलं की तिचा जीव भांड्यात पडतो. अंधारचित्र मात्र ती अजून रोज घेते. ठिपका लिंबाएवढा झाला, मग मुठीएवढा.

काल तो पाटीच्या काठाला टेकला.

तिनं दादाला फोन लावला. तो जेवत होता, तोंडात घास तसाच.

"काय गं?"

"काही नाही. आवाज ऐकायचा होता."

मग हातमोजे चढवून तिनं नव्या पाटीसाठी एक मोठी काच धुवायला घेतली. भटक्या अणूंना अडवणारं मिश्रण या वेळी थरात घालायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. काच वाळली. तिनं जुनी पाटी बाहेर काढली आणि दोन्हींचा काठ काठाला नीट लागतो का, ते पाहिलं.