पान दोनशे बारावरचा दूधभात

कुंभकोणमात मराठी ही गुपचूप बोलायची भाषा आहे, हे तिथल्या मराठी घरांतल्या पोरांना पाळण्यातच कळतं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आणि चारचौघांत कुणाची निंदा करायची झाली, तर पुन्हा बिनदिक्कत मराठी, कोणाला कळतंय? तीनशे वर्षं हे असंच चाललंय. या भरवशावर आजवर किती जण तोंडघशी पडले असतील, देव जाणे. त्या शनिवारी संध्याकाळी रघूत्तम पडला.

पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत राजगोपालांची लेंडिंग लायब्ररी आहे. स्फूर्ती तिथे सहा वर्षांनी आली होती. बाहेर श्रावणातली सर येऊन गेलेली, हातातली छत्री निथळत होती, आणि नव्या पुस्तकांच्या कप्प्यातून तिनं 'नऊ चाळीसची व्हॅन' ओढलं तेवढ्यात दुसरा एक हात त्याच पुस्तकाकडे आला. उशीर झाला म्हणून तो हात तसाच मागे गेला. हाताच्या मालकानं मुकाट्यानं फोन काढला आणि बहिणीला खुशाल मराठीत सांगू लागला.

"अगे, ते पुस्तक एकीनं धरलंय… एक शब्द लिहायचा राहिला होता माझा त्यात, आता महिना गेला म्हण. तोंडावरून तर पाकशास्त्राचं पुस्तक न्यायला आलेली दिसते. आणि तिची छत्री माझे पायावर गळते आहे, तिला पत्ता नाही."

स्फूर्तीनं चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. सहीच्या वहीत वडिलांचा जुना सभासद क्रमांक लिहिला, पुस्तक पदराआड घेतलं आणि दारापाशी जाऊन वळली.

"छत्री बाजूस केली आहे," ती शुद्ध घरच्या मराठीत म्हणाली. "पाय वाळला असेल. आणि पाकशास्त्र मज येत नाही."

फोनमधून बहीण कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत होती म्हणे. बाईसाहेब मात्र रस्त्याला लागल्या, आणि तळ्याच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी हसू दाबून धरलं होतं. तिथे फुटलंच ते.

आता स्फूर्ती हे पुस्तक न्यायला का आली, ते सांगायला हवं. कारण ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तकावर लेखक म्हणून 'इळंकदिर' असं दणदणीत तमिळ पुरुषी नाव होतं, आणि तो इळंकदिर म्हणजे विमा कंपनीच्या कचेरीत दिवसभर दाव्यांचे कागद तपासणारी, सत्तावीस वर्षांची ही मुलगी. चेन्नईतल्या एका जवाहिऱ्याच्या लेकीला पांढऱ्या व्हॅनमधून पळवून नेतात आणि छत्तीस तासांत ती सुटते, अशी धावती तमिळ गोष्ट. प्रकाशकाला आता दुसरी हवी होती, आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. फोनवर अनोळखी लोकांनी पुस्तकाला दिलेले तारे तिनं पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यावर तिचा भरवसा बसेना. तिला आपल्या गावानं काय म्हटलं ते बघायचं होतं. गाव नको म्हणालं, तर लिहिणं बंद. असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि गावाचं मत कळायची सोय राजगोपालांकडेच होती. त्यांची रीतच तशी. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी रेघांचा एक कागद चिकटवलेला. पुस्तक परत करताना त्यावर दोन ओळी लिहायच्या. नाही लिहिल्या तर पुढचं पुस्तक नाही, मग तुम्ही कलेक्टर का असेनात.

रात्रीची भांडी आवरायच्या आधीच, जेवणाच्या पाटावर बसून तिनं तो कागद उघडला. निवृत्त रेल्वे गार्ड हरिकृष्ण यांनी एका बैठकीत वाचून काढलं होतं, संध्याकाळची कॉफी चुकली आणि तक्रार नाही. शाळेतल्या अलमेलू टीचरना वाटलं, गोष्ट इतकी पळते की मुलीला रडायलाही फुरसत नाही. जिला पळवून नेलं ती छत्तीस तासांत एकदाच रडते हे कसं? कोणा कॉलेजातल्यानं व्हॅनचा पाठलाग तीनदा वाचला होता. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, मीही, पण पाठलाग सोडून बाकीचं एकदाही वाचवत नाही.

आणि मग नागलक्ष्मीबाई. त्यांनी रेघा सोडून समासातही लिहिलं होतं. पान दोनशे बारा: मुलगी सुटून घरी येते, उन्हाचे दिवस, आणि आई तिच्या पानात शेवटी दूधभात वाढते. दहीभात नाही! या लेखकानं तमिळ घरात कधी जेवण केलं आहे काय? ज्याला घर माहीत नाही त्याच्या व्हॅनवर तरी मी का विश्वास ठेवू? खाली चौघांनी 'बरोबर' म्हणून सह्या ठोकल्या होत्या.

स्फूर्तीचे कान तापले. ते पान तिनं दोन वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता लिहिलं होतं. तिच्या घरी चातुर्मास पाळतात. पहिला महिना भाजी नाही, दुसरा दही नाही. त्या महिन्यात आई, तुळसीबाई, रोज रात्री लॅपटॉपशेजारी दूधभाताची वाटी ठेवून जायची, आणि लिहिता लिहिता ती वाटी सरळ जवाहिऱ्याच्या घरात जाऊन बसली. तिला त्यात काही चुकलंय हे आजपर्यंत कळलंही नव्हतं. मराठी माणसांची गोष्ट कोण वाचणार म्हणून तिनं नाव बदललं, गाव बदललं, जात बदलली, आणि दह्यानं तिला पकडून दिलं.

कागदाच्या अगदी तळाशी पेन्सिलीची एक ओळ होती. ती तिनं पुन्हा पुन्हा वाचली. अक्षरं तमिळ, पण भाषा मराठी.

'पळणं फार, थांबणं थोडं. दूधभातास हसूं नका, दधिव्रत असेल. —'

अशी ओळ अप्पा लिहायचे. मुरारी अप्पा, तिचे वडील. त्यांना नागरी लिपी येत नव्हती, मराठी ते तमिळ अक्षरांतच लिहीत. दर शनिवारी तिला सायकलवर पुढे बसवून या लायब्ररीत आणायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, एक ओळ लिहायचे, एक आडवी रेघ ओढायचे आणि पुढे एकच शब्द: 'वाच' किंवा 'ठेव'. आपल्या भाषेतलं आपल्या माणसांपुरतं, असं म्हणून डोळे मिचकावायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिला त्या गल्लीत पाय टाकवला नव्हता.

आणि इथे तीच ओळ, तीच रेघ. फक्त रेघेपुढे शब्द नव्हता.

एक शब्द लिहायचा राहिला होता माझा त्यात… तिला छत्रीखालचा तो ओला पाय आठवला. मग ती थोडी हसली, आणि बरीच रडली. आईनं विचारलं तर म्हणाली, पुस्तक वाईट आहे गं.

पुढच्या शनिवारी तो आधीच येऊन बसला होता. बाकावर, पाय आत ओढून. तिला पाहताच उठला आणि बहिणीनंच माफी मागायला पाठवलंय असं म्हणाला. स्वतःहून आला असतात तर जास्त शोभलं असतं, असं स्फूर्तीनं सुनावलं. मग बाहेर सर आली, राजगोपालांनी दाराची एक फळी लावून घेतली, आणि दोघं त्या बाकावर अडकली. अडकली म्हणजे काय, छत्र्या दोघांकडे होत्या.

त्याचं नाव रघूत्तम, गुरांचा डॉक्टर. राहायला तिरुनागेश्वरमला, फिरतीवर सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाच्या बाजूला. त्याच्या शर्टाला ओल्या पेंढ्याचा वास होता आणि तिला तो, कशाला खोटं बोला, आवडला. ती ओळ तुमची का, असं तिनं विचारलं. तो ओशाळला. ओळ माझी, पण पद्धत माझी नव्हे म्हणाला. लहानपणी बसनं इथे यायचा तेव्हा हजार पुस्तकांत कुठलं घ्यावं कळायचं नाही. एकदा एका पुस्तकामागे पेन्सिलीनं लिहिलेली घरातली भाषा दिसली, पुढे 'वाच'. घेतलं, आवडलं. मग तो फक्त तीच पेन्सिल शोधायला लागला. ती 'वाच' म्हणेल ते वाचायचं, 'ठेव' म्हणेल ते ठेवायचं. अशी कितीतरी वर्षं.

"कोण ते कधी कळलं नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, फार उंच माणूस असेल. मग नवी पुस्तकं येत गेली, ती ओळ येईना. रिकामी जागा बघवेना… म्हणून मीच लिहायला लागलों."

"पाच फूट तीन इंच," स्फूर्ती म्हणाली. "पेन्सिल उजव्या कानावर. मज सायकलवर पुढे बसवून आणायचे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग पुस्तक त्यानं तिच्या हातातून हळूच घेतलं, कागदावरून अंगठा फिरवला आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. पाऊस वाढला. राजगोपाल उगीचच यादी तपासू लागले.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, रेघेपुढचा शब्द का नाही? हाच प्रश्न विचारायला ती आठवडाभर जगली होती. तो गुरांच्या आजाराबद्दल बोलावं तितक्या सरळपणे सांगू लागला. पुस्तकानं छाती धडधडली, हे खरं. पण जिथे जिथे ती मुलगी मनातलं बोलायला तोंड उघडते, तिथे तिथे व्हॅन सुरू होते. लिहिणारा थांबायला भितो. थांबला तर कोणीतरी ओळखेल अशी त्याला धास्ती. फक्त एका पानावर तो थांबलाय, दूधभाताच्या. तिथे आईचा हात खरा आहे, वाटी खरी आहे. आणि त्याच पानाला सगळे हसतात. म्हणून 'वाच' म्हणवेना आणि 'ठेव' लिहवेना.

"हा इळंकदिर कोणीही असो," तो म्हणाला, "त्याचे घरी श्रावणात दही लावत नाहीत. आपल्यातला आहे. भेटला तर सांगेन—"

"आमच्याच घरी लावत नाहीत," स्फूर्ती म्हणाली. "मी लिहिलंय ते."

रघूत्तमचं तोंड उघडं ते उघडंच. अर्धा तास हा माणूस जिच्या पुस्तकाची चिरफाड करत होता ती शेजारीच बसलेली, आणि हे त्याचं आठ दिवसांतलं दुसरं तोंडघशी पडणं. राग आला का, असं त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं. राग नाही, ती म्हणाली. सगळं खरंच आहे. म्हणून तर आता लिहायचं नाही असं ठरवलंय. प्रकाशकाला नकाराचं पत्र फोनमध्ये तयार आहे, आज रात्री पाठवून टाकते. हे बोलताना ती छत्रीची मूठ उगीच पुसत होती.

तो काही म्हणणार तोच फोन वाजला. सुंदरपेरुमाळ कोयिलला गाय अडली होती. जावं लागणार होतं, आणि जायचं मन नव्हतं, दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, तिच्या मांडीवरचं पुस्तक उघडलं, आडोसा करून काहीतरी लिहिलं आणि पुस्तक मिटलं. मी वळणावर जाईस्तोवर उघडू नका, म्हणाला. छत्री विसरून भिजतच गेला.

तो वळणावर जायच्या आधीच तिनं उघडलं.

रेघेपुढे लिहिलं होतं: 'लिही.'

अप्पांच्या पेन्सिलीला दोनच शब्द ठाऊक होते. हा तिसरा होता. तुम्ही-तुम्ही करणारा माणूस पेन्सिल हाती आल्यावर एकदम अरे-तुरेवर आला होता, आणि तिला ते मुळीच खटकलं नाही. बाकावर बसूनच तिनं फोनमधलं पत्र पुसून टाकलं. मग राजगोपालांची पेन्सिल मागून घेतली. पुस्तक परत करायचं तर दोन ओळी लिहिणं भागच होतं. त्या तिनं आयुष्यात पहिल्यांदाच, अप्पांसारख्या, तमिळ अक्षरांत मराठीतून लिहिल्या.

'दुसऱ्या पुस्तकात मुलगी कुंभकोणमची, घरात मराठी बोलते. व्हॅन नाही. शनिवारी आमचे घरी जेवायला यावें. दही मिळणार नाही.'

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. ती रोज पहाटे लिहीत होती, आणि आई म्हणत होती की या पोरीला अचानक घराचा ओटा, वाट्या, पाट यांची एवढी चौकशी कशाला. शनिवारी कचेरी सुटल्याबरोबर ती लायब्ररीत पोचली. पुस्तक कप्प्यात होतं. शेवटचा कागद उघडला. तिच्या ओळींखाली, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं लिहिलं होतं: 'आमचेही घरी नसतें. येतों.'

तेवढ्यात पायावर थंड पाणी टपकलं. ती वळली. मागे रघूत्तम उभा, हातात निथळती छत्री.

"गाय?" तिनं विचारलं, कारण दुसरं काही सुचेना.

"कालवड जाली. दोघी बऱ्या आहेत." मग त्यानं छत्री बाजूला केली. "तुमचे अप्पांनी 'वाच' म्हटलेलं पुस्तक मी एकही सोडलं नाही. तुम्ही लिहाल तेंही सोडणार नाही. आणि… तुम्हांसही सोडवत नाही मज. आठ दिवस बघितलं, नाही सोडवत."

"मग सोडूं नका," स्फूर्ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते. पुढे व्हॅन सुरू झाली नाही, कोणी पळालं नाही. दोघं तिथेच थांबली.

राजगोपाल चष्म्यावरून बघत होते. तमिळमध्ये त्यांनी विचारलं की या कागदावर तुम्ही दोघांनी काय खरडलंय, बाकीच्या वाचकांना कळायला नको का? स्फूर्तीनं सांगितलं, दूधभाताबद्दल आहे. त्यांना ते पटलं. त्या पुस्तकात भांडण सगळं दूधभाताचंच आहे, असं म्हणून त्यांनी भरलेल्या कागदाखाली दुसरा कोरा कागद चिकटवायला घेतला. आणि ती दोघं जेवायला घरी गेली, एका छत्रीतून. दुसरी छत्री पुन्हा तिथेच राहिली.